नगरपालिकेचं चांदणं

संध्याकाळचे साडेसात, वेंगणे नगरपालिकेचं सभागृह. बाहेर मिट्ट काळोख होता, कारण पौर्णिमेच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा ‘चांदण्याचा’ धरून रस्त्यावरचे दिवे बंद ठेवण्याचा ठराव अध्यक्ष भार्गवराव केळुसकरांनी रेटून नेला होता. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

खानावळवाल्या इंदूताई परुळेकर डबा घेऊन तावातावाने आत आल्या. आदल्या संध्याकाळी त्यांची पोळ्या करणारी शेवंता काळोखात गटारात पडून हात मोडून बसली होती.

“दिवे लावा,” त्या म्हणाल्या.

“कशाला? ठरावाप्रमाणे आत्ता चांदणं आहे, ताई!” अध्यक्ष हसले. त्यांचे सभासदही हसले.

“म्हणजे चंद्र उगवला?”

“केव्हाच!”

इंदूताईंनी डबा उघडून समोर ठेवला. आत वाफाळते उकडीचे मोदक होते. “मग घ्या. आज संकष्टी, सकाळपासून उपाशी आहात. चंद्र उगवलाय, तर सोडा उपास सगळ्यांदेखत.”

अध्यक्षांचा हात पुढे आला आणि तिथेच थांबला. चंद्रोदयाआधी संकष्टी मोडणाऱ्याला वेंगण्यात मत कोण देणार?

“खा की हो, तुमच्याच चांदण्यात!” मागून कुणीतरी ओरडलं आणि सभागृह हसून लोटपोट झालं.

अध्यक्षांनी दिवे लावायला सांगितलं. मोदक आम्हा बिनउपासाच्या बातमीदारांनी संपवले.

मात्र गावभर काळोख असताना अध्यक्षांच्या बंगल्यासमोरचा एकच दिवा रोज कसा जळत होता, हे मी तीनदा विचारलं. उत्तर अजून मिळालेलं नाही.