कोपऱ्यातली तार

पुण्याच्या इंजिनिअर मृणाल टिल्लूंनी आमच्या कॉम्प्युटर चिपचा आराखडा चोरला, असा दावा एका बड्या कंपनीने ठोकला. दोन्ही चिप्सचे मोठे केलेले फोटो कोर्टात लागले. अगदी हुबेहूब! न्यायाधीश जोगदंडांची नजर मात्र कोपऱ्यातल्या तारेवर अडकली. दोन्हीकडे ती कुठेच जोडलेली नव्हती.

"ही तार कशासाठी हो?" त्यांना राहवेना.

कंपनीचे संशोधक डॉ. खांडेपारकर ऐटीत म्हणाले, "उष्णता बाहेर काढायला. तीन वर्षं खपलो त्यासाठी, साहेब!"

न्यायाधीशांनी मृणालबाईंकडे पाहिलं. त्या ओशाळल्या. "साहेब, आराखडा बदलला तेव्हा ती पुसायची राहिली माझ्याकडून." त्यांनी कंपनीच्या चिपच्याही आधीची तारीख असलेला आपला जुना आराखडा पुढे केला. त्यात ती तार जोडलेली होती.

मग त्या वळल्या. "डॉक्टरसाहेब, माझा विसराळूपणा शोधून काढायला तुम्हाला तीन वर्षं लागली?"