देवाघरची पाणकीण

त्या दिवशी ब्रिजित ओट्यावर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती आणि आई चुलीवर पेज ढवळत होती. तेवढ्यात कुंपणापलीकडून पास्कू काकांची हाक आली.

"मार्था, ऐकलंस का? सोमवारपासून बावखल बुजवतोय. मातीचे ट्रक सांगितलेत."

बावखल म्हणजे वाड्यांच्या मधोमध खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, हळूहळू जमिनीत झिरपायचं आणि आजूबाजूच्या सातही विहिरींना गोडवा द्यायचं. जमीन मात्र काकांच्या नावावर होती.

"मग मासे कुठे जातील, काका?" ब्रिजितने विचारलं. "आणि बेडूक?"

"त्यांना खोल्या बांधतो ना, भाड्याने!" काका हसले. हसता हसता त्यांना खोकला आला आणि ते पाठ फिरवून निघून गेले.

अलीकडे सगळंच बदललं होतं. ऊन भाजून काढायचं, समुद्र वर वर चढत होता. खाडीकाठची तिवरांची झाडं श्रीमंतांच्या बंगल्यांसाठी तोडली गेली आणि खारं पाणी गरिबांच्या विहिरीत शिरलं. आई म्हणायची, "एक बरंय बाय, भातात मीठ घालावं लागत नाही." दर उन्हाळ्यात बावखलाचा गाळ काढायला बाबा सगळ्यांच्या पुढे असायचे. ते गेल्या वर्षी देवाघरी गेले. तेव्हापासून गाळ तसाच होता.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ब्रिजित एकटीच बावखलावर गेली. गुलाबी कमळं उमलली होती, निळा खंड्या पाण्यात सूर मारत होता. काठाशी प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी फडफडत होतं. चतुर अडकला असेल असं वाटून तिने गाठ अलगद सोडवली.

आतून बोटाएवढी परी बाहेर आली! तिचे इवलेसे पंख हिरवे-सोनेरी चमकत होते आणि डोक्यावर मोहरीएवढी घागर होती.

"मी देवाघरची पाणकीण," परी पंख झटकत म्हणाली. "गुदमरले होते गं. माग, काय हवं ते."

"बाबा परत हवेत," ब्रिजित पटकन म्हणाली.

परी कमळाच्या पाकळीवर बसली. मग म्हणाली, "तेवढं मला जमत नाही, बाळ. ते देवाजवळ आहेत. पाण्याचं काही असेल तर सांग."

ब्रिजितने डोळे पुसले. "मग विहिरी गोड कर. सगळ्यांच्या."

परीने अळूच्या पानावर घागर उपडी केली. मोत्यासारखे टपोरे सहा थेंब पानावर थरथरू लागले.

"एका विहिरीत एक थेंब टाक. पण दोन नियम आहेत. मागणाऱ्याची विहीर शेवटी. आणि बावखल बुजलं, तर सगळ्या विहिरी पुन्हा खाऱ्या होतील."

"परीबाय, विहिरी सात आहेत. एक थेंब कमी पडतो."

"मोजूनच दिलेत," परी म्हणाली.

ब्रिजितने पान दोन्ही हातांनी धरलं. सर्वांत आधी ती पास्कू काकांच्या विहिरीवर गेली. त्यांच्या केळी खाऱ्या पाण्याने जळाल्या होत्या, म्हणून तर ते बावखल बुजवून भाड्याच्या खोल्या बांधायला निघाले होते. ते तिला ठाऊक होतं. मग एकेक करत ती आणखी पाच विहिरींवर गेली. स्वतःच्या विहिरीशी आली तेव्हा पान कोरडं होतं. तिने ते विहिरीवर झटकलं, हसली आणि आत गेली.

सोमवारी सकाळी ट्रक आले. काकांनी चूळ भरायला पाणी काढलं आणि घागर हातात धरून तसेच उभे राहिले.

"अरे, हे तर माझ्या लहानपणीचं पाणी!"

मग ब्रिजितने त्यांना सगळं सांगितलं. परीवर काकांचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे. पण त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या विहिरीत किती टाकलेस?"

"थेंब संपले, काका."

काका रस्त्यावर गेले आणि ट्रकवाल्यांना म्हणाले, "माती परत न्या. चहा पिऊन जा, पण माती न्या."

दुसऱ्याच दिवशी सात घरची माणसं गाळात उतरली. काका गुडघाभर चिखलात उभे राहून ओरडत होते, "मार्था, तुझी पोर माझ्याहून जास्त गाळ काढते, तिला जरा दटाव!" पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरलं. पाणी खाली झिरपलं, आणि एका सकाळी आईने पेज चाखून म्हटलं, "अगं, अळणी झाली!" मायलेकी कितीतरी वेळ हसत राहिल्या.

कापणीच्या सणाला भाताच्या पहिल्या लोंब्यांबरोबर बावखलाच्या पाण्याची मातीची घागरही वेदीपुढे गेली. फादर म्हणाले, "देणारा तो. राखायचं आपण." सगळ्यांनी हात जोडले. ब्रिजितने बाबांचंही नाव घेतलं.

संध्याकाळी ती विहिरीत डोकावली. पाण्यातून सोनेरी उजेड वर आला आणि त्यात परी तरंगत होती.

"तुझे खूप खूप आभार, परीबाय," ब्रिजित म्हणाली.

"गाळ तर तुम्ही काढलात," परी म्हणाली. तिचे पंख लखलखले, उजेड केळीच्या पानापानावर सांडला, आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

खाडीपलीकडच्या पाड्यावरच्या विहिरी अजून खाऱ्याच आहेत. तिकडच्या बावखलाचा गाळ काढायला अजून कोणी गेलेलं नाही.