ज्याचं त्यानं ठरवावं

आडबंदरात रापणीचं जाळं सगळं गाव मिळून ओढी. दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा, मग तो हात कापरा का असेना. खोताला आपल्या बोटींसाठी तरणे गडी हवे होते, म्हणून ही रीत मोडायची होती. त्याने गाव वाळूवर जमवलं.

"गावकीच्या दावणीला किती दिवस राहणार? जो तो मोकळा. ज्याचं त्यानं ठरवावं."

म्हाताऱ्या आवडी तांडेलणीला आपला वाटा बुडताना दिसला. ती उठली.

"खोतानू, मी कुणाला विचारायचं नाही?"

"कुणालाच नाही. मलाही नाही."

"मग माझं ठरलं. मी सगळ्यांबरोबर ओढणार." ती दोराकडे निघाली.

मागोमाग तरणे गडीही आपापलं ठरवून उठले. वाळूवर खोत तेवढा मोकळा उरला.