उपाशी उतार

खडकाची ही उत्तरेची बाजू बघा. पाखरांच्या विष्ठेने चुना फासल्यासारखी पांढरी झाली आहे, आणि घरटी इतकी की पाय ठेवायला जागा नाही. आता होडी वळवून दक्षिणेकडे नेतो. हा उतारही तसाच सपाट, उलट वाऱ्यापासून जास्त आडोशाचा, आणि इथे एक अंडं सापडायचं नाही. दुर्बिणी खाली ठेवल्यात तरी चालेल. मासे मात्र आहेत. दगडांवर ते वाळत पडलेत ना, ते माणसाने टाकलेले नाहीत.

आम्ही मोरवंडचे लोक याला उपाशी उतार म्हणतो. काल गावात तुमच्यातल्या एका बाईंनी विचारलं की इथल्या तान्ह्या पोरांच्या गळ्यात दृष्टीचा काळा दोरा कसा दिसत नाही. सुईणीने त्यांना नुसतं या खडकाकडे बोट दाखवलं, ते याचसाठी.

फार जुनी गोष्ट आहे, शिडाच्या होड्यांच्या काळातली. गावाचा तांडेल, म्हणजे सगळ्या होड्यांचा म्होरक्या, गुणाजी नावाचा होता. समुद्र त्याच्याएवढा कोणाला कळत नसे असे सांगतात. त्या काळी मासा कुठे आहे ते सुरयांकडून समजायचं. सुरय म्हणजे हेच पाखरू, काळ्या टोपीचं आणि पिवळ्या चोचीचं. थवा पाण्यावर जिथे तुटून पडे तिथे जाळं टाकायचं. आणि किनारा दिसेनासा झाला, तर संध्याकाळी चोचीत मासा धरून निघालेल्या सुरयांच्या मागे होडी लावायची. पिल्लं खडकावर, तेव्हा सगळी याच उतारावर, म्हणजे त्या कुठूनही घरी येणारच. या भरवशावर आमच्या लोकांनी पिढ्या काढल्या.

एका वर्षी मासा किनाऱ्यावरून गेला तो गेलाच. होळीपासून जाळी कोरडी येऊ लागली. गुणाजीची बायको येसू नुकतीच बाळंत झाली होती. आधीची मुलं हाती लागली नव्हती, म्हणून या मुलाच्या गळ्यात तिने काळा दोरा बांधला होता. पण आईच्याच पोटात काही नाही, तर दूध कुठून येणार? पोराचं रडणंही थांबलं, तेव्हा गुणाजी छोटी होडी घेऊन एकटाच या उतारावर आला.

त्याने पाहिलं, की माणसांची जाळी रिकामी असली तरी पिल्लांच्या चोची भरलेल्या होत्या. सुरय मासा आणते, पिल्लाच्या तोंडात देते आणि पुन्हा उडते. गुणाजीने कमरेचं जाळ्याचं सूत काढलं आणि पिल्लाच्या गळ्याला गाठ मारली. श्वास चालेल पण घास उतरणार नाही, एवढीच घट्ट. आईने आणलेला मासा पिल्लाच्या तोंडात अडकून राहिला. गुणाजीने तो ओढून काढला आणि पुढच्या पिल्लाकडे वळला.

येसूला दूध आलं. पोर पुन्हा रडू लागलं.

पहिले काही दिवस तो संध्याकाळी गाठी सोडून पिल्लांना एखादा मासा गिळू देई म्हणे. मी हे सांगतो कारण माणूस मुळात राक्षस नव्हता. पण अशी गोष्ट गावात लपते थोडीच? सगळेच सूत घेऊन आले. पिल्लं वाटून घेतली, घरपट्टीसारखी. गाठी सोडायला कोणी थांबेना. गाठीतून निसटेल तेवढ्या चुऱ्यावर पिल्लं तगून राहिली.

तांडेलाची हुशारी इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पिल्लांच्या तोंडातले मासे बघून त्याच्या ध्यानात आलं, की पाखरं कुठे चरतात ते यावरून कळतं. पेडवे, म्हणजे किनाऱ्यालगतचे बारके मासे, आले की थवा खाडीच्या तोंडाशी आहे. बांगडा आला की त्याच्या पलीकडे. पंखांचा उडता मासा आला, तर थेट निळ्या पाण्यात, जिथे तळ लागत नाही. तो तसा होड्या नेऊ लागला आणि जाळी भरून येऊ लागली. आता पिल्लांच्या तोंडच्या घासाची गरज कोणालाच नव्हती. तरी गाठी तशाच राहिल्या.

येसू पोराला पाजत होती. तिने नवऱ्याला सांगितलं, "माका दूध इला. पोर जगला. आता तेंचे गळे सोडा."

गुणाजी म्हणाला, "पिल्लांचा पोट भरला तर पाखरां घरट्यात बसान ऱ्हवतली. भुकेल्या पोराची आवसच लांब जाता."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच वाईट. पिल्लं ओरडत राहिली आणि आया अधिकाधिक लांबचे मासे आणत राहिल्या. अखेर एका सकाळी सगळ्यांच्या चोचीत उडते मासे दिसले. गावातल्या झाडून साऱ्या होड्या निळ्या पाण्याकडे निघाल्या. येसूचा नवरा, भाऊ, दीर, सगळे त्यात होते.

ते गेल्यावर तिने पोराला पाठीशी बांधलं आणि होडी वल्हवत या उतारावर आली. आज गाठी सोडायच्याच, मग नवरा काय म्हणेल ते म्हणो. पण पिल्लं ओरडत नव्हती. सूत मानेत रुतलेलं, चोची उघड्या, तोंडात मासा तसाच. एकही जिवंत नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत सुरया आल्या, मेलेल्या चोचींवर मासे ठेवले, थोडा वेळ थांबल्या आणि आणखी मासे आणायला गेल्या. दुपारी पुन्हा आल्या. मासा ठेवला, पिल्लाला चोचीने ढकललं. मग सगळा थवा एकदम उठला आणि समुद्राकडे गेला.

येसू कोळ्याचीच लेक. तिला जे कळलं ते ती पोराला उद्देशून बोलली असे सांगतात. "आता ती परत कित्याक येतली?"

तिने किनारा गाठला, डोंगरीवर बायका गोळा केल्या, वल्ही, जुनी जाळी, घरांचे वासे, जे हाती लागलं ते पेटवलं. पण निळ्या पाण्यातून डोंगरीच दिसत नाही, तिथे आग काय दिसणार?

एक होडी तेवढी आली. तिचं शीड सकाळीच फाटल्याने ती मागे, डोंगरीवरची आग दिसेल इतक्या अंतरावर, राहिली होती. तिच्यातल्या म्हाताऱ्याने लांबून पाहिलं, की सांज झाली तशी तांडेलाने हात वर करून नेहमीची खूण केली, आणि सगळ्या होड्या सुरयांच्या मागे लागल्या. सुरयांच्या चोची रिकाम्या होत्या. त्या मावळतीकडे जात होत्या. गुणाजीने ते कसं पाहिलं नाही, हे मला आजवर उमगलेलं नाही. त्याला पाखरांचा भरवसा होता, दुसरं काय. होड्या परत आल्या नाहीत.

येसूने पोराच्या गळ्यातला काळा दोरा तोडून पाण्यात टाकला. ते पोर वाचलं. आम्ही सगळे त्याच्याच वंशातले, म्हणजे त्या दुधावर वाढलेले.

आजही मोरवंडात तान्ह्याच्या गळ्यात कोणी काही बांधत नाही. आजही सुरया या उतारावर अंडी घालत नाहीत, पण वैशाखात मासा आणून ठेवतात, थांबतात आणि जातात. त्याला आमचं मांजरसुद्धा तोंड लावत नाही. आणि आजही सांजेला बायका बंदरावर येतात तेव्हा होड्यांकडे आधी बघत नाहीत. येणाऱ्या पाखरांच्या चोचीत मासा आहे ना, ते बघतात.