लाल काठाची शाल

एका गावात रहेलबाई नावाच्या एक विधवा बाई राहायच्या, आणि त्यांच्या साधेपणाचा साऱ्या गावाला धाक होता.

साधेपणाचा कुणाला धाक वाटतो का, असं तुम्ही विचाराल. रहेलबाईंच्या साधेपणाचा वाटायचा. पांढरं शुभ्र लुगडं, खळ घालून असं कडक केलेलं, की त्या चालल्या तर आवाज यायचा. मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. अंगावर सोन्याचा कण नाही. रविवारी उपासनेला त्या सगळ्यांच्या आधी येत आणि पहिल्या बाकावर बसत. तिथून त्या कुणाला पाहू शकत नसत, पण सगळ्यांना त्या दिसत. त्यांनाही तेच हवं असायचं, फक्त त्यांनी ते कधी स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

त्या गावातल्या देवळात, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या दगडी प्रार्थनामंदिरात, एक जुनी चाल होती. बायकांच्या दाराबाहेरच्या पडवीत, अगदी आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, एक लांबलचक खुंटी होती. तिच्यावर साध्या पांढऱ्या सुती शाली टांगलेल्या असत. जिला हवी तिनं शाल घ्यावी, उपासना झाली की परत टांगावी. कुणी कुणाला विचारायचं नाही. पाटलीणबाई गळ्यातलं सोनं झाकायला शाल घेई, आणि मजुरीवरची बाई फाटकं पोलकं झाकायला घेई. आत गेल्यावर कुणाच्या शालीखाली काय आहे ते कळायचं नाही. जुन्या बायकांनी फार विचार करून ही चाल घालून दिली होती.

शाली धुवायचं काम रहेलबाईंनी आपणहून घेतलं होतं. नीळ घालून त्या शाली अशा धूत की नव्यासारख्या दिसत. त्यांना स्वतःला मात्र शालीची गरज कधी पडली नव्हती. वर्षं गेली तसं त्यांना वाटू लागलं, की शाल ही नीट कपडे न घालणाऱ्यांसाठी असते. लाज ही त्यांच्या लेखी दुसऱ्यांना वाटायला लावायची गोष्ट होती.

मग एका उन्हाळ्यात सुवार्ता उपासनेला येऊ लागली.

सुवार्ता नव्यानं लग्न होऊन आलेली. नवरा-बायको दोघं गावाबाहेरच्या चुनाभट्टीवर कामाला. चुना कापड खातो. भट्टीवर काम करणाऱ्याच्या कपड्याला भोकं पडायचीच. सुवार्ताचं एकच लुगडं धड होतं, लग्नातलं, मोठमोठ्या गुलाबी फुलांचं. ते नेसून ती येई, कोपऱ्यातली शाल घेई आणि मागच्या बाकावर बसे. पुढं कडेवर तान्हं मूल आलं, तेव्हा मुलाभोवती पदर गुंडाळून येऊ लागली. शालीखालून ती फुलं डोकावायची, आणि रहेलबाईंना ती खुपायची.

"देवाच्या घरात लग्नाला आल्यासारखं यायचं?" त्या शेजारणीला म्हणाल्या. शेजारणीनं मान डोलावली, कारण रहेलबाईंपुढं मानच डोलवायची असते.

त्याच आठवड्यात रहेलबाईंनी प्रत्येक शालीला जाड लाल दोऱ्याचा काठ घातला. शिवाय पडवीतली खुंटी कोपऱ्यातून काढून दाराच्या चौकटीपाशी, उजेडात आणून स्वतःच्या हातानं ठोकली. एक खिळा जरा बाहेर राहिला. तो आत ठोकायचा त्यांना कंटाळा आला.

पाळकसाहेबांनी विचारलं, "रहेलबाई, ही खूण कशाला?"

"हरवू नयेत म्हणून," त्या म्हणाल्या.

"आजवर एकही हरवली नाही," पाळकसाहेब म्हणाले. पण ते भिडस्त होते. विषय तिथंच राहिला.

पुढच्या रविवारपासून काय झालं ते सांगायला नको. जिच्या अंगावर लाल काठ, तिच्याकडं माना वळू लागल्या. पाटलीणबाईनं शाल घेणं सोडलं आणि सोनं उघडं घालून येऊ लागली, कारण लाल काठापेक्षा सोनं बरं दिसतं. मजुरीवरच्या बायका आधी मागं मागं बसू लागल्या, मग यायच्याच कमी झाल्या. शाली खुंटीवर जागच्या जागी राहू लागल्या. ते पाहून रहेलबाईंना समाधान वाटलं. गावाला वळण लागलं, असं त्यांच्या मनात आलं. रिकामे बाक त्यांना पहिल्या बाकावरून दिसत नव्हते.

सुवार्ता मात्र येत राहिली, आणि एका रविवारी दारात अडखळली. तिनं लाल काठाकडं पाहिलं आणि शाल न घेताच आत पाऊल टाकलं. मुलाभोवती पदर गुंडाळलेला, त्यामुळं तिची पाठ उघडी पडली होती, आणि पोलक्याला चुन्यानं पाडलेली भोकं सगळ्यांना दिसत होती. रहेलबाई पहिल्या बाकावरून उठल्या, सगळ्यांच्या देखत मागं आल्या, खुंटीवरची शाल काढली आणि मागून तिच्या खांद्यावर टाकली.

"झाक, बाई," त्या म्हणाल्या. "हे देवाचं घर आहे."

आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच हळू. सुवार्ताचा चेहरा लालबुंद झाला. अर्धी प्रार्थना होईपर्यंत ती मान खाली घालून बसली, मग उठली, शालीची नीट घडी केली, खुंटीवर ठेवली आणि निघून गेली. तिच्या मुलाचा बाप्तिस्मा ठरला होता. तिनं तो पुढं ढकलला, आणि पुन्हा ती देवळात दिसली नाही.

दिवस गेले. उपकारस्तुतीचा सण आला. त्या सणाला नव्या भाताची पहिली पेंढी टोपलीत ठेवून एका बाईनं डोक्यावरून वेदीपर्यंत न्यायची असते. त्या वर्षी मान रहेलबाईंचा होता. त्यांनी नवं लुगडं काढलं, दुप्पट खळ घातली, आणि पदराच्या निऱ्या पात्यासारख्या धारदार बसवल्या.

मंडळी आत उभी राहिली, गीत सुरू झालं. टोपली घेणारीनं सगळ्यांत शेवटी आत यायचं असतं, म्हणून पडवीत रहेलबाई एकट्याच होत्या. दोन्ही हात टोपलीला. दार ठेंगणं, म्हणून त्या वाकल्या, आणि पाठीमागं काहीतरी अडकलं. पदर अडकला असेल म्हणून त्यांनी झटका दिला.

बाहेर राहिलेला तोच खिळा होता. खळीनं कडक झालेला पदर उभाच्या उभा फाटला, आणि पोलकं मानेपासून कमरेपर्यंत उसवलं. रहेलबाईंच्या पाठीला वारा लागला. त्यांची पाठ लहानपणानंतर कुणी पाहिली नव्हती.

त्या दोन पावलं मागं सरल्या. त्यांच्या नाकासमोर शाली टांगलेल्या होत्या. एक घेतली की काम झालं असतं. एक हात टोपलीवरून सुटला, खुंटीपर्यंत गेला आणि परत आला. लाल काठाची शाल घेऊन आत गेलं की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आत साऱ्या गावाला माना वळवायला त्यांनीच शिकवलं होतं. आत गीताचं शेवटचं कडवं लागलं.

"मावशी, टोपली खाली ठेवू नका."

खिडकीखालून सुवार्ता पुढं आली. देवळात येणं तिनं सोडलं होतं, पण दर रविवारी मुलाला घेऊन ती खिडकीबाहेर उभी राहायची आणि तिथूनच वचन ऐकायची. हे रहेलबाईंना माहीत नव्हतं.

"शाल दे," रहेलबाई कशाबशा म्हणाल्या.

"ती नको," सुवार्ता म्हणाली. "ती अंगावर आली की कसं वाटतं ते मला माहीत आहे."

तिनं मुलाभोवतीचा पदर सोडला, मूल कडेवर घट्ट धरलं, आणि आपला फुलाफुलांचा पदर रहेलबाईंच्या पाठीवर पसरला. दोन्ही टोकं एका मुठीत धरून ती म्हणाली, "चला. मी मागनं येते."

आणि अशा त्या दोघी आत गेल्या. पुढं डोक्यावर पेंढी घेतलेल्या रहेलबाई, मागं आपला पदर त्यांच्या पाठीवर धरलेली सुवार्ता. पदर पुढं गेल्यामुळं तिची स्वतःची पाठ आणि पोलक्याची सगळी भोकं दोन्ही बाजूंच्या बाकांना दिसत होती. पदराखाली काय आहे ते कुणाला दिसलं नाही, दिसली ती सुवार्ताची पाठ, आणि कुजबुज सुरू झाली. रहेलबाईंना एकेक शब्द कळत होता, कारण शब्द त्यांचेच होते.

टोपली वेदीवर ठेवली. रहेलबाई पहिल्या बाकावर बसल्या, पाठ बाकाला टेकली. आता काही दिसणार नव्हतं. सुवार्तानं पदर काढून घेतला आणि ती परत फिरली, तेवढ्यात शेजारीण हातात लाल काठाची शाल घेऊन आडवी आली.

"थांब. अशी उघडी वेदीपर्यंत आलीस? सणाच्या दिवशी? काही मर्यादा आहे की नाही?"

सुवार्तानं कडेवरचं मूल सावरलं. तिनं रहेलबाईंकडं पाहिलंसुद्धा नाही. एकदा जरी पाहिलं असतं, तरी सगळ्यांना काहीतरी कळलं असतं.

रहेलबाईंनी तिची बाजू घेतली नाही. हे सांगायला नको वाटतं, पण खरं ते सांगायलाच हवं. त्यांनी पाठ बाकाला आणखी घट्ट टेकली. शाल सुवार्ताच्या खांद्यावर पडली, तिचा चेहरा पुन्हा तसाच लाल झाला, आणि तो लाल झालेला रहेलबाईंनी पाहिला. या खेपेला त्यांना तो पुढून दिसला. मग मात्र त्यांच्यानं बसवेना.

त्या उठल्या आणि वेदीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. साऱ्या मंडळीला त्यांची फाटकी पाठ दिसली.

"ती माझी पाठ झाकत होती," त्या म्हणाल्या. "आणि मी तिला बोलणी खाऊ देत बसले. लाल काठ मीच घातला. हरवू नयेत म्हणून नव्हे. कोण झाकून येतंय ते मला पाहायचं होतं."

त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेजारणीनं पडवीतून दुसरी शाल आणून पुढं केली. रहेलबाईंनी ती घेतली, अंगाभोवती लपेटली आणि पहिल्या बाकावर न बसता मागं जाऊन बसल्या. तिथून त्यांना रिकामे बाक दिसले.

पाळकसाहेबांनी तयार केलेला उपदेश बाजूला ठेवला. ते म्हणाले, "आदाम आणि हव्वा चुकले, तेव्हा देवानं त्यांना बागेबाहेर काढलं. पण आधी त्यानं स्वतः त्यांच्यासाठी वस्त्रं केली आणि त्यांना घातली. त्यांना उघडं बाहेर पाठवलं नाही. आपण सगळे हे विसरलो, आणि सगळ्यांत आधी मी विसरलो." मग त्यांनी प्रार्थना केली आणि सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी रहेलबाई भट्टीवर गेल्या. पांढऱ्या लुगड्यावर राख आणि चुना उडत होता.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मुलाचा बाप्तिस्मा होऊ दे. तू ये."

सुवार्तानं हात पुसले. "येईन, मावशी. पण आधी ती खुंटी होती तिथं न्या. मी एकटी आले तर काय उपयोग?"

खुंटी अंधाऱ्या कोपऱ्यात परत गेली. रहेलबाईंनी बसून लाल दोरा टाका टाका उसवला. पण धुण्यात रंग कापडात उतरला होता. कितीही नीळ घातली तरी काठाशी फिकट लाल डाग राहिलाच. मग त्यांनी एक उपाय केला. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांतली सगळ्यांत डागाळलेली शाल त्या स्वतः घेऊ लागल्या. हळूहळू मजुरीवरच्या बायका परतल्या. पाटलीणबाईनंही एक दिवस गुपचूप सोनं झाकलं.

बाप्तिस्म्याच्या दिवशी सुवार्तानं कोपऱ्यातून एक शाल काढली आणि बाळाला तिच्यात गुंडाळलं. पाणी घालताना बाळ रडलं, तेव्हा शालीचं टोक वर आलं. काठाशी तो फिकट लाल डाग होता. बाकी कुणाच्या तो ध्यानातही आला नाही. मागच्या बाकावर बसलेल्या रहेलबाईंच्या मात्र आला, आणि त्यांनी मान खाली घातली.

तात्पर्य: अंगभर लुगड्यानं आपलं अंग झाकलं जातं; मर्यादा आली की नाही, ते आपण दुसऱ्याची लाज झाकतो की उघडी करतो यावरून कळतं.