लिंबाजीची सनई आणि नावेचं भाडं

कळंबगडच्या राजाला सनई ऐकल्याशिवाय जाग येत नसे. ती वाजवायला लिंबाजी गुरव रोज पहाटे नावेने नदी ओलांडून राजवाड्यावर यायचा. एकदा दिवाण त्र्यंबकरावांनी फर्मान काढलं, की कामासाठी झालेला खर्च वजा करून उरलेल्या कमाईवर प्रत्येकाने कर भरायचा.

लिंबाजीने सनईच्या तोंडाशी बसवायच्या, सारख्या झिजणाऱ्या पत्त्यांचा खर्च सांगितला, तो मुकाट वजा झाला. मग त्याने नावेचं भाडं सांगितलं. त्याची निम्मी कमाई तर नावाडीच नेत होता.

दिवाणजी मिशीतल्या मिशीत हसले. "पलीकडे राहतोस ही तुझी हौस. सनई वाजवणं हे तुझं काम. इथवर येणं काही कामात धरता येणार नाही."

"जशी आज्ञा," म्हणून लिंबाजी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी राजाला जाग आली तेव्हा ऊन पार पलंगावर आलं होतं. त्याने चिडून लिंबाजीला बोलावून घेतलं.

"आज सनई का वाजली नाही?"

"वाजली की, महाराज. नेहमीचीच भूपाळी, अगदी जीव ओतून वाजवली. माझ्या ओसरीवर बसून."

"ओसरीवर?"

"वाजवणं हे काम, येणं हे काम नव्हे, असं दिवाणजींनीच सांगितलं. म्हटलं, आपण काम तेवढं चोख करावं."

राजाने दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी उपरणं सारखं करू लागले.

"नावेचं भाडं वजा करा," राजा म्हणाला. "नाहीतर उद्यापासून पहाटे तुम्ही पलीकडे जा, सनई ऐका आणि परत येऊन आम्हाला उठवा. जाण्यायेण्याचा खर्च अर्थातच तुमचा."