कबरीचा उपास

फार मागची गोष्ट. एका चर्चच्या आवारात कबरी नावाची शेळी राहायची. ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ लागला आणि सगळ्यांनी मटण सोडलं. कबरी म्हणाली, "मटण तर मी खातच नाही, मग चारापाणीच सोडते."

तिचं दूध आटलं. करडू ढुशा देऊन देऊन रडकुंडीला आलं.

चर्चचा म्हातारा कुत्रा म्हणाला, "अगं बाई, उपास तुझा, पण उपाशी कोण ते बघ की!"

"मग देवासाठी काय सोडू, बाबा?"

"लंगड्या शेळीला गव्हाणीवरून शिंगं मारून हाकलतेस ना? ते सोड."

कबरी पाणी प्याली, पोटभर चरली. दूध उतरलं तसं करडू पिऊन झोपलं. संध्याकाळी लंगडी शेळी गव्हाणीशी आली. कबरीने शिंगं रोखली, मग बाजूला सरकली. हा उपास तिला जास्त जड गेला.